घरच्या घरी रक्ततपासणी : पट्ट्यांची खरेदी सहकारातून का नको?



आपला ऊस कारखान्यावर आला की आधी काट्यावर जातो. काट्यात थोडी जरी शंका आली तरी आपण गाडी बाजूला लावून पुन्हा वजन करायला लावतो, आणि त्यात काही गैर नाही. घामाचा माल आहे, त्याचे माप चोख हवेच. परंतु आपल्याच घरात असे माणूस असेल, ज्याच्या रक्ताचे माप ठरलेल्या दिवशी घ्यावे लागते, तर ते माप आपण तितक्याच नेकीने घेतो का? आमच्या घरी आम्ही ते घेतले नाही. त्याची किंमत काय पडली ते सांगावे, आणि त्यावर कारखान्याकडे एक मागणी करावी, एवढ्यासाठी आज लेखणी धरली आहे.

आमच्या थोरल्या सूनबाईंना लहानपणी सांधे धरून ताप आला होता. घसा दुखायचा, ताप यायचा, सांधे सुजायचे. माहेरी कोणी फारसे मनावर घेतले नाही. त्या तापाने हृदयाची झडप खराब होते हे त्या काळी गावात कोणाला ठाऊक? लग्नानंतर दम लागू लागला, तपासले, आणि अखेर मोठ्या दवाखान्यात झडप काढून धातूची झडप बसवली. ऑपरेशन चांगले झाले. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावले, "ही झडप आयुष्यभर टिकेल, पण रक्त पातळ ठेवायची गोळी एक दिवस चुकवायची नाही. आणि ठरल्या दिवशी आयएनआर करायचा. आकडा अडीच ते साडेतीनच्या मधे हवा."

पहिले वर्षभर आम्ही इमानाने केले. तालुक्याला जायचे, रक्त द्यायचे, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आणायचा, फोनवर डॉक्टरांना आकडा सांगायचा, ते गोळी कमी-जास्त करायचे. एका तपासणीला दोन दिवस मोडायचे. पुढे एका हंगामात टोळी ऐन वेळी आली. तोड सुरू, गाड्या भरायच्या, मुकादमाशी रोज घासाघीस. सूनबाई म्हणाल्या, "मामा, तपासणीची तारीख झाली." आम्ही म्हणालो, "पोरी, एवढी तोड आटपू दे, मग जाऊ." तोड आटपली, मग खोडव्याची भरणी आली. तीन महिने गेले. एके दिवशी सकाळी भाकरी थापताना त्यांच्या डाव्या हातातून पीठच सुटले, तोंड एका बाजूला ओढले. दवाखान्यात आयएनआर निघाला एक पूर्णांक चार. झडपेवर रक्ताची गुठळी धरली होती, तिचाच तुकडा मेंदूत गेला होता.

देवाच्या दयेने माणूस वाचले. पण आजही डाव्या हाताने भरली परात उचलत नाही. यात दोष ना डॉक्टरांचा, ना सूनबाईंचा. दोष आमचा. उसाची तोड थांबली नसती, पण एक दिवस आम्हाला थांबता आले असते.

हा आकडा म्हणजे काय?

ज्याला ही गोळी चालू नाही अशा निरोगी माणसाचा आयएनआर साधारण एक असतो. आकडा वाढला म्हणजे रक्त गोठायला वेळ लागतो. फार खाली आला तर गुठळी, फार वर गेला तर रक्तस्राव. दोन्हीकडे खड्डा आणि मधून बांध, अशी ही वाट आहे. पूर्वी रक्त किती सेकंदांत गोठले तेवढेच सांगत. पण तपासणीचे रसायन प्रत्येक लॅबचे वेगळे, त्यामुळे सेकंदही वेगळे. जसा पूर्वी गावागावाचा शेर वेगळा होता, तसेच हे. १९८३ साली जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्यांना एकच माप घालून दिले, तेच आयएनआर. त्यामुळे मुंबईचा आकडा आणि आपल्या तालुक्याचा आकडा आज एका भाषेत बोलतो.

या गोळीचे मूळ तर शेतकऱ्याच्याच गोठ्यात आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी भर हिमवादळात मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त घेऊन मॅडिसनच्या विद्यापीठात गेला. बुरशी धरलेला, खराब झालेला गोड क्लोव्हरचा चारा खाऊन त्याची जनावरे आतल्या आत रक्तस्राव होऊन मरत होती. तिथल्या कार्ल पॉल लिंक या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काही वर्षांच्या खटपटीने त्या चाऱ्यातले द्रव्य शोधून काढले. त्याच जातीचे वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसाचे औषध झाले. आपण उसाच्या फडात उंदरांसाठी ब्रोमाडिओलोनची गोळी टाकतो, ती याच कुळातली. आपल्याकडे डॉक्टर वॉरफरिन किंवा त्याचीच बहीण असिनोकुमारॉल देतात. म्हणून या गोळीशी थट्टा नको. मापात घेतली तर तारते, माप चुकले तर मारते.

अलीकडे आकडा न मोजता घेता येतील अशा नव्या गोळ्या निघाल्या आहेत. ज्यांना त्या चालू आहेत त्यांनी हे यंत्र घेण्याच्या फंदात पडू नये. पण धातूच्या झडपेवाल्यांना त्या गोळ्या चालत नाहीत. त्यातल्या एका गोळीचा अशा रुग्णांवर झालेला प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला, त्यात गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही वाढला. प्रयोग मधेच थांबवावा लागला. कोणी मेडिकलवाला "ही नवी घ्या, तपासणीची कटकट नाही" म्हणाला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बदलू नये.

यंत्र घेतले, पण शहाणपण नंतर आले

त्या प्रसंगानंतर उसाच्या दुसऱ्या हप्त्यातून आम्ही घरी वापरायचे यंत्र घेतले. बोटाला टोचायचे, पट्टीवर एक थेंब लावायचा, मिनिटाभरात आकडा. कोॲग्युचेकसारखी यंत्रे जगभर घरोघरी वापरतात. जर्मनीत ही पद्धत १९८० च्या दशकात सुरू झाली. अमेरिकेत धातूच्या झडपेच्या रुग्णांसाठी २००२ पासून सरकारी विमा याचा खर्च देतो. इंग्लंडच्या आरोग्य संस्थेनेही २०१४ साली अशा यंत्राची शिफारस केली.

यंत्र एकदाच घ्यायचे असते. खरा खर्च पट्ट्यांचा. आणि पट्ट्यांत आम्ही दोनदा बुडालो.

पहिल्या वेळी दुकानदार म्हणाला, अठ्ठेचाळीसचा डबा घ्या, पट्टी स्वस्त पडते. आम्ही घेतला. डब्यावरची तारीख पाहिली नाही. ती अकरा महिन्यांवर होती. पंधरा दिवसांतून एक अशा चोवीस लागल्या, चुकून पाच वाया गेल्या, उरलेल्या एकोणीस पट्ट्या मुदत संपली म्हणून फेकल्या. स्वस्ताई अशी अंगाशी आली. दुसऱ्या वेळी तालुक्याहून नवा डबा आणला आणि गाडीच्या डिकीत तसाच ठेवून आम्ही मोटरीवर गेलो. वैशाखातली दुपार. संध्याकाळी पट्टी घातली की यंत्र एरर दाखवायचे. दुसरी घातली, पुन्हा तेच. अख्खा डबा गेला. बियाणे उन्हात टाकून उगवण नाही म्हणून रडावे, तशातली गत.

तेव्हा ज्यांच्या घरी असे माणूस आहे त्यांच्यासाठी आमच्या अनुभवाचे चार शब्द :

एक. डबा घेण्याआधी हिशेब मांडा. वर्षाचे आठवडे बावन्न. आठवड्याला एक तपासणी असेल तर चोवीसचा डबा साडेपाच महिन्यांत संपतो. पंधरवड्याला एक असेल तर अकरा महिने जातो. महिन्याला एक असेल तर जवळजवळ दोन वर्षे, आणि तोवर मुदत टिकेल याचा भरवसा नाही. अशाने सहाचा डबा महाग दिसला तरी स्वस्त पडतो. दहा पट्ट्यांमागे एक वाया जाईल असे धरून चाला.

दोन. शेवटच्या चार पट्ट्या उरल्या की नवा डबा मागवा. खताचे पोते संपल्यावर सोसायटीत जाणारा आणि पट्टी संपल्यावर दुकानात जाणारा, दोघेही हंगाम चुकवतात. आपल्याकडच्या दुकानांत हा माल पडून नसतो, मागवावा लागतो.

तीन. बिल पक्के घ्या, डबा सीलबंद घ्या, तारीख आणि लॉट नंबर वहीत लिहा. लॉट नंबर कशाला? २०१८ साली अमेरिकेत अकरा लाखांहून अधिक डबे परत मागवावे लागले, कारण त्या पट्ट्या आकडा खऱ्यापेक्षा जास्त दाखवीत होत्या. ज्यांच्या वहीत नंबर होता त्यांना आपला डबा त्यातला आहे की नाही हे लगेच कळले. डब्याबरोबर जी चिप येते ती त्याच डब्याची. जुनी चिप नव्या डब्याला लावू नये.

चार. पट्ट्या २ ते ३० अंश उष्णतेत ठेवायच्या. आपल्या भागात उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात हे जमत नाही. फ्रीजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. डबी घट्ट लावा, ओल लागली की पट्टी गेली. माठाच्या ओल्या वाळूत ठेवायची युक्ती करू नका. तपासणीआधी डबी थोडा वेळ बाहेर काढून ठेवा. आणि पट्टी डबीतून काढली की लगेच वापरा.

पाच. टोचण्याआधी कोमट पाण्याने हात धुऊन पूर्ण कोरडे करा. हात खाली सोडून बोट थोडे चोळा. शेतकी विभागाचा माणूस ब्रिक्स पाहतो तेव्हा काच आधी पुसून कोरडी करतो, पाण्याचा थेंब राहिला तर ब्रिक्स कमी लागतो, तसेच हे. टोचल्यावर बोट पिळू नका. पहिलाच थेंब, पंधरा सेकंदांच्या आत, एकदाच. कमी पडला म्हणून वरून दुसरा घालू नका. चुकले तर नवी पट्टी, नवी सुई आणि दुसरे बोट.

सहा. यंत्र आणल्यावर एकदा तरी त्याच दिवशी लॅबमध्ये शिरेतून रक्त देऊन दोन्ही आकडे ताडून पाहा. अर्ध्याच्या आतबाहेर फरक चालतो. जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवा. अंगात रक्त फार कमी असेल तर ही यंत्रे चुकतात. आपल्याकडच्या बायाबापड्यांना पंडुरोग किती, हे सांगायला नको. म्हणून हिमोग्लोबिनही पाहून घ्यावे. आकडा पाचाच्या वर दिसला, किंवा हिरड्यांतून, लघवीतून रक्त आले, शौचाला काळी झाली, तर वाट पाहत बसू नका, दवाखाना गाठा.

सात. वापरलेली सुई उकिरड्यावर टाकू नका. तेच खत उद्या फडात जाते आणि तिथे अनवाणी पाय पडतात. जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत साठवून दवाखान्यात द्या.

आणखी एक. यंत्र आकडा दाखवते, गोळी ठरवत नाही. गोळी डॉक्टरच ठरवतील. मेथी, पालक, शेपू खाऊ नका असे नाही, पण रोजच्या मानाने खा. एक आठवडा रोज भाजी आणि पुढचा आठवडा काहीच नाही, असे केले की आकडा हलतो. कंबर दुखली म्हणून दुकानातून दुखण्याची गोळी आणून घेऊ नका, रक्तस्राव होतो. घरात लेकी-सुनांना ही गोळी चालू असेल तर दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरांशी बोला, कारण पोटातल्या बाळाला तिचा धोका असतो.

आता मागणी

हे सगळे एकेका घराने करायचे म्हणजे काय, हे आम्ही भोगले आहे. यंत्र हजारांचे, पट्टी शेकड्यांची, डबा मागवायला पंधरा दिवस, आणि मुदतीची टांगती तलवार. झडपेचे ऑपरेशन सरकारी योजनेतून होते, पण नंतरचा आयुष्यभराचा तपासणीचा भार घरावरच राहतो. दोन एकरवाल्या सभासदाने तो कसा पेलावा?

म्हणून आमचे म्हणणे असे. कारखान्याच्या प्रत्येक गट ऑफिसात आठवड्यातून एक ठरलेला दिवस ठेवावा. त्या दिवशी शिकलेली नर्स, एक यंत्र आणि पट्ट्या असाव्यात. यंत्र दवाखान्यात अनेकांसाठी वापरायला मान्य असलेले असावे. सुई प्रत्येकाला वेगळी, एकदा टोचली की आपोआप निकामी होणारी. हातमोजे दर माणसाला नवे, यंत्र दर वेळी पुसलेले, नाहीतर काविळीसारखे रोग एकाचे दुसऱ्याला लागतील. पट्ट्यांची खरेदी कारखान्याने एकत्र करावी, भाव ठरवून. पट्टीचे पैसे सभासदाच्या ऊसबिलातून कापावेत. आम्हाला फुकट नको.

हिशेब करून पाहा. समजा, एका गटात असे दहा जण निघाले. पंधरवड्याला एक तपासणी म्हणजे वर्षाला दोनशे साठ पट्ट्या. चोवीसचा डबा पाच आठवड्यांच्या आत संपेल. जो डबा एका घरात मुदत संपून फेकावा लागतो, तोच दहा घरांत वेळेआधी संपतो. सहकार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? खत आपण एकत्र घेतो, बेणे एकत्र घेतो, तर हे का नको?

काही संचालक मंडळी म्हणतील, कारखान्याने साखर करावी, आज पट्ट्या मागता, उद्या चष्मे मागाल. आम्ही नम्रपणे सांगतो, प्रवरानगरला १९५०-५१ मध्ये सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम झाला, आणि पुढे त्याच परिसरात शाळाही उभ्या राहिल्या आणि दवाखानाही. विठ्ठलराव विख्यांच्या पिढीने साखर आणि माणूस असे दोन हिशेब कधी वेगळे ठेवले नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, तो लपवून ठेवणे बरे नाही. अमेरिकेत २०१० साली सुमारे तीन हजार रुग्णांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी घरी दर आठवड्याला तपासले, निम्म्यांनी चांगल्या दवाखान्यात महिन्यातून एकदा. पक्षाघात, मोठा रक्तस्राव आणि मृत्यू यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मग यंत्राचा खर्च कशाला, असे कोणी विचारेल. पण नीट वाचा. त्या दवाखान्यातल्या रुग्णांची तपासणी दर महिन्याला, न चुकता, होत होती. आपल्याकडे तीच तर होत नाही! २०१६ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा स्वतः तपासणाऱ्यांत गुठळीचे प्रकार बरेच कमी दिसले, रक्तस्राव मात्र कमी दिसला नाही. म्हणजे यंत्रात जादू नाही, नेमात जादू आहे. गट ऑफिस आपल्या घराजवळ आहे, तिथे आपण तोडीच्या चिठ्ठीसाठी तसेही जातो. त्याच पायवाटेवर तपासणी आणून ठेवली तर नेम टिकेल, एवढाच आमचा दावा आहे. ज्यांना आठवड्याला तपासावे लागते आणि ज्यांना डॉक्टरांनी शिकवून परवानगी दिली आहे, त्यांनी घरी यंत्र जरूर ठेवावे. त्यांनाही पट्ट्या याच एकत्र खरेदीतून मिळाव्यात.

सुरुवात फार मोठी नको. आधी चिटबॉयकडून गावोगाव नुसती यादी करावी, की कोणाच्या घरी झडपेचा किंवा ही गोळी चालू असलेला माणूस आहे. यादीतली नावे मात्र कारखान्याच्या डॉक्टरांकडेच राहावीत, चावडीवर चर्चा नको. मग एका गटात एक हंगाम करून पाहावे. जमले तर पुढे न्यावे, नाही जमले तर सर्वसाधारण सभेत तसे सांगावे.

येत्या वार्षिक सभेत आम्ही हा विषय मांडणार आहोत. ज्यांच्या घरी असे माणूस आहे त्यांनी पाठिंब्याला उभे राहावे, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांनीही. घसा धरून येणारा पोराचा ताप आपल्या वस्तीवर आजही येतोच.

सूनबाईंनी परवा विचारले, "मामा, एवढं सगळं घरचं छापून कशाला द्यायचं?" आम्ही म्हणालो, "पोरी, आपली तारीख चुकली ती चुकली. दुसऱ्या कोणाची चुकू नये." त्या काही बोलल्या नाहीत. वही काढून त्यांनी त्या दिवसाचा आकडा लिहिला. दोन पूर्णांक नऊ.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद